शेजारघरी जाणारे नाताळचे ताट

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला, की गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या कोणत्याही गावात दुपारच्या वेळी पाऊल टाकावे. गूळ आणि नारळाच्या दुधाचा दाट वास हमखास येतो. एखाद्या घराच्या मागच्या पडवीत मोठी चूल पेटलेली असते. तिच्यावर तांब्याचे रुंद भांडे ठेवलेले असते आणि लांब दांड्याचा लाकडी डाव घेऊन घरातली माणसे आळीपाळीने त्यातले काळेभोर मिश्रण ढवळत असतात. नाताळचा दोदोल शिजत असतो. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ एवढेच त्याचे साहित्य. पण तासन् तास हात थांबवायचा नाही. मिश्रण भांड्याची कड सोडू लागले आणि त्याला खोबऱ्याचे तेल सुटले, की दोदोल झाला असे समजायचे. एकट्या माणसाच्या हातून हे काम होत नाही. म्हणून त्या दिवशी जावा-नणंदा येतात, शेजारीण येते, शाळेतून आलेल्या मुलांनाही डावाला हात लावावा लागतो.

गोव्याचा नाताळ म्हटला, की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर कळंगुट-बागाचे किनारे, रोषणाई केलेली हॉटेले आणि रात्रभर चालणारे संगीत उभे राहते. तो नाताळ पाहुण्यांसाठी असतो. घरचा नाताळ किनाऱ्यापासून दूर, कौलारू घरांच्या पडव्यांत, स्वयंपाकघरांत आणि चर्चच्या मैदानात साजरा होतो. त्याची तयारी महिनाभर चालते आणि त्याचा शेवट ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला होतो. या सगळ्या दिवसांत गोव्यातले ख्रिस्ती कुटुंब सर्वांत जास्त जपते ती गोष्ट मात्र अगदी साधी आहे. ते म्हणजे गोडधोडाने भरलेले, विणकाम केलेल्या रुमालाने झाकलेले, शेजारघरी जाणारे ताट.

नावापासूनच मिलाफ

‘नाताळ’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो पोर्तुगीज आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला ‘नाताल’ म्हणतात. अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा बेट जिंकले आणि १५४३ मध्ये साष्टी व बार्देश हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तिसवाडी, साष्टी आणि बार्देश या जुन्या मुलखात ख्रिस्ती वस्ती मोठ्या प्रमाणावर आहे ती तेव्हापासून. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या लोकसंख्येपैकी २५ टक्क्यांच्या आसपास लोक ख्रिस्ती होते.

धर्म बदलला, तरी चूल आणि पाटा-वरवंटा तोच राहिला. नाताळच्या ताटात केकच्या शेजारी जी ‘नेवरी’ असते ती आपली करंजीच. खोबरे, तीळ आणि साखरेचे सारण, वर मैद्याची पारी, कडेला मुरड. हरभऱ्याच्या डाळीत नारळ आणि साखर घालून शिजवलेला ‘दोस’ शंकरपाळ्यासारखा तिरका कापतात. भाजलेले तांदूळ, गूळ आणि खोबरे एकत्र करून ‘पिनाग’ वळतात. पोर्तुगालहून अंड्याचा, मैद्याचा आणि भट्टीचा वापर आला. नारळ, तांदूळ आणि गूळ इथे आधीपासून होतेच. या दोन्हींच्या मेळातून नाताळचे ताट तयार झाले.

अंगणापासून देव्हाऱ्यापर्यंत

पावसाळा संपला, की भिंतींवरची शेवाळ खरवडून घराला रंग द्यायचा, ही घरच्या नाताळची पहिली खूण. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले असतात. ते एकेक करून पुसायचे. बाल्कांव, म्हणजे घरापुढची दोन्ही बाजूंना बसायची सोय असलेली ओसरी, धुऊन काढायची. कपाटातली चिनी मातीची भांडी खाली उतरवायची. ती वर्षातून एकदाच खाली येतात आणि त्यांतल्या प्रत्येक बशीला काही ना काही इतिहास असतो. कोणती आजीच्या लग्नातली, कोणती काकांनी जहाजावरून आणलेली, हे सांगितल्याखेरीज ती पुसून होत नाहीत.

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या नोवेना सुरू होतात आणि ३ डिसेंबरला त्यांचे फेस्त असते. १५५२ मध्ये याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचे निधन झाले. त्यामागोमाग ८ डिसेंबरला पणजीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र चर्चचे फेस्त येते. या फेस्ताच्या फेरीत खाजे, चणे आणि मुलांची खेळणी घेऊन घरी परतले, की बायकांच्या तोंडी एकच विषय असतो: रवा किती, मैदा किती, नारळ किती आणि यंदा कोण कोण येणार.

मुलांचे काम वेगळे. नाताळच्या पंधरा दिवस आधी उथळ भांड्यांत किंवा करवंट्यांत माती घालून नाचणी किंवा गहू पेरायचे. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात तसेच. नाताळपर्यंत त्याला वीतभर हिरवे कोंब येतात आणि तेच ‘गोठ्या’तले कुरण होते. गोठो म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. गवताचे छप्पर, मातीच्या गाई-मेंढ्या, मेंढपाळ, मरिया आणि जुझे. गव्हाणी मात्र रिकामी ठेवायची. २४ तारखेच्या मध्यरात्रीनंतरच बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात. लहान मुलांसाठी ती रिकामी गव्हाणी म्हणजे दिवस मोजायचे साधन असते.

दारावरचे ‘नखेत्र’ही पूर्वी घरीच होत असे. बांबूच्या काड्या तासून, सुतळीने बांधून, त्यांवर पतंगाचा रंगीत कागद चिकटवून पाच टोकांचा तारा करायचा आणि आत दिवा लावायचा. दिवाळीला आकाशकंदील करणारे शेजारचे हात पुष्कळदा इथेही मदतीला असत. आता प्लास्टिकचे आणि विजेच्या दिव्यांचे तारे बाजारात मिळतात. पण काही गावांत अजून ताऱ्यांच्या आणि गोठ्यांच्या स्पर्धा होतात. त्या निमित्ताने तरुण मुले रात्री जागून बांबू तासताना दिसतात.

कुलकुलांची संध्याकाळ

घरातल्या मोठ्या माणसांना नाताळची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर पुष्कळजण कुलकुलांची संध्याकाळ सांगतील. रवा-मैद्याचे पीठ नारळाच्या दुधात भिजवून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या. काट्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या फणीवर गोळी दाबायची आणि बोटाने अलगद गुंडाळून घ्यायची. रेघा उठलेला छोटा शिंपला तयार होतो. तो तळायचा, हवा तर साखरेच्या पाकात घोळवायचा. एका घराला लागणारी कुलकुले शेकड्यांनी मोजावी लागतात, त्यामुळे जेवणाच्या टेबलाभोवती सारे घर बसते. आजोबांचे कुलकुल ओबडधोबड होते, धाकट्या मुलीचे फारच मोठे होते, कोणी कच्चे पीठच तोंडात टाकते. सगळी कुलकुले एकाच परातीत जातात आणि एकाच कढईत तळली जातात.

या टेबलाभोवती कृती शिकवली जाते. पण कोणी शिकवायला बसत नाही. ‘पीठ कानाच्या पाळीसारखे मऊ हवे’, ‘तेलातून वास आला की विस्तव कमी कर’ अशा बोलण्यातून ती पोचते. पुष्कळ घरांत कृतीची वही असतेही. पण तिच्यातली मापे ‘एक वाटी’, ‘दोन मुठी’ अशी. ती वाटी कोणती, हे त्या घरच्या सुनेलाच ठाऊक.

बिबिंका हा मात्र शिकाऊ हातांचा पदार्थ नव्हे. अंड्यांचे बलक, नारळाचे दाट दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण पळीपळीने भांड्यात ओतून एकावर एक थर भाजायचे. खाली मंद आच, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे. एक थर तांबूस झाला, की त्यावर तूप सोडायचे आणि मगच पुढचा थर घालायचा. सात थर तरी हवेतच. जुन्या जाणत्या बायका सोळापर्यंत नेत. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या एका जोगिणीने हा पदार्थ प्रथम केला, अशी आख्यायिका आहे. मठातले झगे कडक करण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरत आणि बलक उरत, त्यांचे काय करायचे म्हणून बिबिंका जन्मली, असे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, बिबिंका करणारीने दुपारभर चुलीपासून हलायचे नाही, एवढे खरे. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले.

मध्यरात्रीची मिसा

२४ तारखेच्या रात्री गावातली सगळी घरे चर्चकडे निघतात. मध्यरात्रीच्या या मिसेला पोर्तुगीजमध्ये ‘मिसा दु गालु’, म्हणजे कोंबड्याची मिसा म्हणतात. येशू जन्मला त्या रात्री कोंबडा अवेळी आरवला, अशी लोककथा त्यामागे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, लॅटिनची जागा लोकभाषेने घेतली. तेव्हापासून गोव्याच्या खेड्यांत ही प्रार्थना कोंकणीत होते. आजीला आयुष्यात प्रथमच मिसेतला शब्दन् शब्द कळला, असे सांगणारी घरे त्या पिढीत अनेक असतील.

गर्दी मावत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी चर्चच्या पटांगणातच वेदी मांडतात. डिसेंबरची थंडी, डोक्यावर दव, शाली पांघरलेल्या म्हाताऱ्या, नव्या बुटांनी पाय चावलेली आणि आईच्या मांडीवर झोपलेली मुले, असे ते दृश्य असते. मिसा संपली, की एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत लोक बराच वेळ रेंगाळतात. वर्षभर न बोललेले भाऊही या पटांगणात हात मिळवतात, कारण सारा गाव पाहत असतो. घरी आल्यावर बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचे, केक कापायचा, मोठ्यांना द्राक्षाच्या वाईनचा घोट आणि मुलांना गरम कॉफी द्यायची. मग झोप.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणात सोरपोतेल असतेच. डुकराचे मांस, मसाला आणि माडाचे व्हिनेगर यांचा हा पदार्थ दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात आणि रोज ऊन करतात. जितका मुरेल तितका तो चांगला लागतो. सोबतीला सान्नां. आपल्या इडलीच्या जातीच्याच, पण माडाच्या सुरेने फुगवलेल्या.

भरलेले ताट

आता त्या ताटाविषयी. नाताळच्या आदल्या दिवशी किंवा नाताळच्या सकाळी घरातली मोठी बाई टेबलावर बशा आणि ताटे मांडते. प्रत्येकात दोन नेवऱ्या, दोदोलाची वडी, बिबिंकेचा काप, मूठभर कुलकुले, दोस, पेरूची ‘पेराद’, नारळ-रव्याच्या ‘बातिका’चा तुकडा आणि केक. वर नक्षीचा रुमाल. या देण्याला गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या कुटुंबाच्या जेवणाला ‘कोन्सुआदा’ म्हणतात. सांत्वन या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. गोव्यात मात्र हा शब्द जेवणावरून ताटावर आला आणि घराबाहेर पडला.

ताटे वाटायला मुले जातात. कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर, कोणाला मोठे, कोणाला छोटे, याचा हिशेब घरच्या बाईच्या डोक्यात असतो. लग्न झालेल्या मुलीकडे, व्याह्यांकडे, शेतात राबणाऱ्याकडे, पाव आणून देणाऱ्या पोदेराकडे आणि अर्थात शेजारच्या हिंदू घरी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला त्या घरून नेवऱ्या आणि लाडू आलेले असतात. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे केक, बिबिंका वगळून दोदोल, दोस आणि पेराद पाठवायची, हे न सांगता पाळले जाते. आणि ताट रिकामे परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा नियम. काही नाही तर पसाभर साखर, दोन केळी, बागेतली फुले तरी त्यात ठेवायची.

ताटाची देवाणघेवाण हा एक प्रकारे गावाचा जमाखर्चही असतो. कोणाकडून ताट आले नाही, म्हणजे काही तरी बिनसले आहे किंवा घरात कोणी आजारी आहे. मुले परत आली, की आई पदार्थांआधी माणसांची चौकशी करते: आजी उठून बसली होती का? घरात कोण होते? दार कोणी उघडले?

ज्या घरी चूल तापत नाही

कोन्सुआदीचा खरा अर्थ कळतो तो दुःखातल्या घरी. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तिथे नाताळला गोडधोड करत नाहीत. ‘लुत’, म्हणजे सुतकाचे वर्ष पाळले जाते. घरातली बाई काळी वस्त्रे नेसते. तळणीची कढई चढत नाही. दोदोलाचे भांडे माळ्यावरच राहते. त्या घरून कोणाकडे ताट जात नाही आणि कोणी त्याची अपेक्षाही धरत नाही.

पण त्या घरी ताटे जातात. एरवीपेक्षा जास्त जातात. शेजारीण स्वतः जाते, मुलांना पाठवत नाही. कोणी नुसती कुलकुले नेते, कोणी केक, कोणी दोदोल. थोडा वेळ बसते. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलले जातात. त्याला काय आवडायचे, गेल्या नाताळला त्याने दोदोल ढवळताना काय केले होते. संध्याकाळपर्यंत त्या घरच्या टेबलावर सगळ्या गावच्या हातचे पदार्थ जमा झालेले असतात. शोक पाळण्याचा नियम मोडलेला नसतो आणि घरातल्या मुलांचा नाताळही कोरडा गेलेला नसतो.

पुढच्या वर्षी त्या घराची चूल पुन्हा पेटते, तेव्हा पहिल्यांदा ज्यांच्याकडे ताट जायचे ती घरे ठरलेली असतात. ती कोणी लिहून ठेवत नाही.

कोविडच्या साथीतल्या २०२० आणि २०२१ च्या नाताळांत या रिवाजाची कसोटी लागली. चर्चमधल्या गर्दीवर मर्यादा होत्या, घरोघर जाण्याची भीती होती आणि दुःखातली घरे तर कितीतरी होती. अशा वेळी दाराबाहेरच्या बाल्कांवात डबा ठेवून, लांबूनच हाक मारून परतणे, एवढाच मार्ग उरतो.

दूर गेलेली माणसे

गोव्याच्या नाताळच्या आठवणींत वाट पाहणे फार आहे. शे-दीडशे वर्षांपासून इथली माणसे पोटासाठी बाहेर पडत आली आहेत. जहाजांवर काम करणारे ‘तारवटी’, पूर्व आफ्रिकेत कारकुनी करणारे, मुंबईत आचारी, वादक, शिंपी म्हणून राबणारे. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या ‘कूड’ होत्या; काही आजही आहेत. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेले हे निवासस्थान. भिंतीला टेकवलेल्या पेट्या, एका बाजूला देव्हारा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. जहाज मिळेपर्यंत तारवटी तिथे राहत. नाताळला घरी जायला मिळाले नाही, तर कुडीतच गावच्या माणसांबरोबर नाताळ होई.

१९५५ नंतरची वर्षे विशेष कठीण होती. भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली आणि मुंबई-गोवा हा घरचा रस्ता परदेशाचा रस्ता झाला. मुंबईतला मुलगा आणि गावातली आई यांच्यामध्ये परवान्यांचे कागद आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सहाच दिवसांनी नाताळ आला. साडेचारशे वर्षांची राजवट संपून गेलेल्या त्या आठवड्यात पुढे काय होणार याची कुजबूज घराघरात होती. पण बांबूचे तारे आधीच बांधून झालेले होते आणि नाचणीचे कोंब गोठ्यासाठी वर आले होते.

त्यानंतर आखाती देश आले. पुढे पोर्तुगीज कायद्याचा आधार घेऊन, १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आणि युरोपची वाट धरली. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती झाली. आज गोव्यात मध्यरात्रीच्या मिसेची घंटा होते, तेव्हा दुबईत रात्रीचे साडेदहा आणि इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हातारी आई फोन गोठ्यासमोर धरते आणि पलीकडे कामावरून नुकताच परतलेला मुलगा, गणवेश न बदलताच, बाळ येशूला गव्हाणीत ठेवताना पाहतो.

बंद दारे, उघडी दारे

या सगळ्याचा परिणाम ताटावर झाला आहे. दोदोल ढवळायला हात लागतात आणि घरात हात उरलेले नाहीत. दोन म्हातारी माणसे शेकड्यांनी कुलकुले कोणासाठी वळणार? म्हणून आता ऑर्डर देऊन पदार्थ आणतात. मडगाव आणि म्हापशाच्या बाजारांत डिसेंबरभर दोदोलाच्या वड्या आणि बिबिंकेची पाकिटे मिळतात. गावातल्याच दोन-चार बायका घरोघरच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांच्या संसाराला त्याचा मोठा हातभार लागतो. हे वाईट म्हणता येत नाही. निदान पदार्थ तरी टिकले. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले आहेत, त्यामुळे सान्नांमध्ये यीस्ट घालावे लागते. जुनी माणसे पहिल्या घासालाच ओळखतात, पण बोलून दाखवत नाहीत.

अधिक बोचते ते बंद घर. साष्टी-बार्देशच्या प्रत्येक वाड्यावर अशी घरे आहेत. मोठा बाल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, दाराला कुलूप आणि अंगणात गुडघाभर गवत. वाटणी न झालेले, मालक चार देशांत विखुरलेले. ताटे मोजताना घरची बाई तिथे अडखळते. वीस ताटे लागत होती, ती बारावर आली, मग आठवर. ताट द्यायला घर लागते आणि दार उघडायला माणूस लागतो.

तरीही रिवाज आपला रस्ता शोधतो. बंद घराची किल्ली बहुधा शेजाऱ्याकडेच असते. मालक नाताळला चार दिवस येणार असला, तर शेजारी आधी दारे-खिडक्या उघडून घर झाडून ठेवतात, पाण्याची कळशी भरून ठेवतात. विमानतळावरून रात्री उशिरा पोचलेल्या कुटुंबाला टेबलावर झाकलेले ताट दिसते. परदेशात जन्मलेल्या मुलांना नेवरी आणि कुलकुल यांची नावेही नीट येत नसतात. पण रुमाल उचलून पहिला हात कशाला घालायचा, हे त्यांना शिकवावे लागत नाही. सुट्टी संपवून परतताना त्यांच्या सामानात दोदोल असतो, कारण तो बरेच दिवस टिकतो.

नव्या शेजाऱ्यांचेही तसेच. गोव्यात आता देशभरातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या मराठी किंवा कानडी घरी खालच्या ख्रिस्ती घरून नाताळची बशी जाते. पहिल्या वर्षी ती धुऊन रिकामी परत येते. दुसऱ्या वर्षी तिच्यात चिवडा असतो.

जाणाऱ्यांसाठी

घरचा नाताळ पाहायचा असेल, तर २४ तारखेच्या आधी चार दिवस साष्टीतल्या लोटली, चांदोर यांसारख्या किंवा बार्देशातल्या साळगावसारख्या गावी राहावे. संध्याकाळी पायी फिरावे. गोठे रस्त्यावरून दिसतील असेच मांडलेले असतात आणि थांबून पाहणाऱ्याचे घरच्यांना कौतुक वाटते. मध्यरात्रीच्या मिसेला पाहुण्याने मागच्या बाजूला शांत उभे राहिले, तर कोणी हटकत नाही. कपडे मात्र नीटनेटके असावेत. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी मुले जुन्या कपड्यांत गवत भरून ‘ओल्ड मॅन’ करतात आणि मध्यरात्री त्याला जाळून सरत्या वर्षाला निरोप देतात. ६ जानेवारीला कांसावली-कुवेलीच्या टेकडीवर, चांदोरला आणि मांडवीच्या काठच्या रेइश मागुशच्या चर्चमध्ये तीन राजांचे फेस्त होते. मुकुट घातलेली तीन मुले राजे होतात, सारा गाव त्यांच्यामागून चालतो आणि नाताळचे दिवस संपतात. त्यानंतर गोठा आवरून मूर्ती कापसात गुंडाळून ठेवतात आणि कोमेजू लागलेले नाचणीचे कोंब गुरांना घालतात.

आणि मुक्कामाच्या घरी रुमालाने झाकलेली बशी खोलीत आली, तर तिच्यातले सगळे पदार्थ चाखावेत, घरच्या बाईला दोदोल कोणी ढवळला ते विचारावे. निघताना बशी परत द्यायची असते. ती रिकामी देऊ नये.